तीन अंशांचा फरक

१

सकाळी साडेनऊला रेकॉर्डबाईंनी अकरा वर्षांपूर्वीचं जाडजूड रजिस्टर झटकलं आणि त्यातून एक पिवळट कागद फरशीवर पडला. बाईंनी तो उचलला, वाचला, पुन्हा वाचला आणि मटकन खुर्चीत बसल्या.

"होकाबाई, अहो इकडे या लवकर," त्या म्हणाल्या. "मास्तर बुडाले हो!"

होकाबाईंचं खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि तिथेच राहिलं होतं. होकायंत्राची पेटी खांद्याला लावून या विमानतळावरून त्या विमानतळावर हिंडायचं आणि रनवेची दिशा मोजायची, ही त्यांची नोकरी. वय अठ्ठावन्न, जीभ तिखट. एका जागी पाच मिनिटं बसायची शिक्षा दिली असती तर त्यांनी तुरुंग पत्करला असता. आज त्या आल्या होत्या वार्षिक मोजणीला, पण महिनाभरापूर्वीच्या अपघाताने इथल्या कुणालाच कामात चित्त लागू दिलं नव्हतं.

अपघात साधाच वाटावा असा होता. शिकवणीचं छोटं विमान उतरलं, पळता पळता डाव्या कडेला सरकलं, पुढचं चाक जमिनीत गेलं आणि विमान उलटलं. चालवणारी मुलगी सव्वीस वर्षांची होती. ती जागीच गेली. जमिनीखाली पावसाच्या पाण्याचा जुना, पोकळ पाइप फुटून पडला होता, आणि तो तिथे आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. निदान सगळे तसं म्हणत होते.

होकाबाईंनी कागद हातात घेतला. पाहणीचा छापील फॉर्म, टाइपरायटरवर भरलेला. तारीख अकरा वर्षांपूर्वीची. "रनवे ०८. डावी कड. पाण्याची टाकी २१७.५ अंश, टॉवर ३०४ अंश. जुना पाइप काँक्रीटने भरून घेतला. पायी तपासले. जमीन पक्की." खाली मास्तरांची सही.

"भरून घेतला म्हणे!" रेकॉर्डबाई कुजबुजल्या. "मग तो पोकळ कसा निघाला? खोटं लिहिलं की काय मास्तरांनी?"

चौकशी समिती आज चार वाजता अहवालावर सह्या करणार होती. हा कागद खरा ठरला तर मास्तरांवर मनुष्यवधाचा गुन्हा लागणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

२

मास्तर म्हणजे इथले जुने रनवे तपासनीस. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. चाळीस वर्षं दर सोमवारी हा माणूस अख्खा रनवे पायी चालला होता. होकाबाई नोकरीला नवीन होत्या तेव्हा होकायंत्र कसं धरायचं हे त्यांना मास्तरांनीच शिकवलं होतं. "श्वास रोखा आणि मग आकडा वाचा," ते म्हणायचे. असा माणूस न तपासता 'तपासले' लिहील, हे होकाबाईंच्या पचनी पडेना.

अकरा वाजता समितीने मास्तरांना बोलावलं. ते आले, चष्मा लावून कागद वाचला आणि चष्मा काढला.

"सही तुमची आहे?" अध्यक्षांनी विचारलं.

"माझीच आहे."

"पाइप भरला होता?"

मास्तरांनी कागद टेबलावर ठेवला. अध्यक्षांनी तीनदा विचारलं, तीनदा ते जमिनीकडे बघत राहिले. मग घरी जायची परवानगी मागून निघून गेले.

बाहेर मास्तरांची मुलगी होकाबाईंचा हात धरून उभी होती.

"मावशी, बाबा असे गप्प का? ते खोटं बोलत नाहीत हो कधी. तुम्ही काहीतरी करा ना!"

"आधी तू रडं आवर आणि मला सांग, तुझे बाबा फॉर्म कसे भरायचे?"

"टाइप करून. त्यांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. आणि सह्या तर..." ती अडखळली. "सह्या ते आधीच करून ठेवायचे. रविवारी अख्खं पॅड घेऊन बसायचे. निवृत्त झाले तेव्हा सही केलेलं अर्धं पॅड तसंच ऑफिसच्या खणात राहिलं."

होकाबाईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. कागद जुना, सही खरी, तरी मजकूर कालचा असू शकत होता.

"खणाला कुलूप?"

"नाही मावशी. कुणीही उघडावा असा."

३

झाली का पंचाईत! कुणीही म्हणजे कोण? खोटा कागद करणारा निदान ती जागा बघून आलेला असणार. अपघाताच्या जागेभोवती दोर बांधला होता आणि दाराशी पहारेकरी वही घेऊन बसला होता. होकाबाईंनी वही चाळली. समिती आणि खड्डा भरणारे मजूर सोडले तर महिनाभरात आत गेलेली माणसं तीनच: विमानतळाचे साहेब, बांधकामाचा इंजिनिअर आणि सध्याचा रनवे तपासनीस. हा तपासनीस म्हणजे मास्तरांचा जावई. मास्तरांनीच त्याला हाताशी धरून तयार केलं होतं आणि निवृत्त होताना खुर्ची त्याच्या हवाली केली होती.

साहेब घामाघूम होऊन फाइली लावत होते.

"मला त्या होकायंत्रातलं ओ की ठो कळत नाही," ते वैतागून म्हणाले. "माझ्या गाडीतही उत्तर कुठे ते बायको सांगते. कागद खरा असेल तर मी सुटलो, खोटा असेल तर लटकलो. मला तुम्ही कशाला छळता?"

"कागद तुमच्या फायद्याचा आहे म्हणून छळते," होकाबाई म्हणाल्या आणि पुढे सरकल्या.

इंजिनिअर उभ्यानेच सँडविच खात होता.

"तो पाइप माझ्या कोणत्याच नकाशात नाही. माझ्या आधीच्या लोकांनी पुरला असेल," तो म्हणाला. "आणि टाकीकडे इतके अंश, टॉवरकडे तितके, ही मास्तरांची जुनी तऱ्हा. मी यंत्र लावतो, मला जागा सेंटिमीटरमध्ये मिळते. होकायंत्राच्या भरवशावर कोण राहील? उत्तर सरकत असते बाई, तुम्हाला मी काय सांगायचं? गेल्या वर्षी तुमच्याच मोजणीमुळे रनवेचा आकडा बदलावा लागला मला."

ते खरंच होतं. रनवेच्या तोंडाशी भला मोठा आकडा रंगवलेला असतो, तो काही घरनंबर नव्हे. होकायंत्राने रनवेची दिशा मोजायची, जवळच्या दहाच्या घरात बसवायची आणि शेवटचं शून्य खाऊन टाकायचं. अकरा वर्षांपूर्वी इथे साडेब्याऐंशी अंश भरले होते. जवळचे ऐंशी, म्हणून आकडा ०८. दुसऱ्या टोकाकडून तोच रनवे उलटा, म्हणून अठरा मिळवून २६. पण होकायंत्राची सुई जिकडे बघते ती उत्तर वर्षानुवर्षं हळूहळू हलते. रनवे जागचा हलला नाही, पण मोजला की जास्त भरू लागला. गेल्या वर्षी पंच्याऐंशीचा उंबरठा ओलांडला गेला आणि ०८ पुसून ०९ रंगवला गेला, २६ चा २७ झाला.

जावई हँगरच्या सावलीत जीपला टेकून उभा होता. गळ्यात पितळी होकायंत्र. होकाबाईंनी ते लगेच ओळखलं, मास्तरांचं होतं.

"काय जावईबापू, जेवलात का?"

"घशाखाली घास उतरत नाही मावशी," तो म्हणाला. डोळे तांबारले होते. "बाबांच्या बाबतीत असं काही होईल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. पण कागद खोटा कसा म्हणायचा? त्यावर ०८ लिहिलंय. आता कुणी बनवला असता तर त्याच्या हातून ०९ च पडलं असतं."

"खरंय," होकाबाई म्हणाल्या. "पण काय हो, हा आकडा बदलला का?"

"वरून आदेश आला. आम्ही रंग लावला."

"अस्सं," म्हणून त्या निघाल्या. चार पावलं गेल्यावर त्या थबकल्या. कागदावर ०८ का आहे, हे त्यांनी विचारलंच नव्हतं. या पोराने उत्तर आधीच तयार ठेवलं होतं.

४

साडेबारा वाजले होते. वारा नुसता भणभणत होता, पदर सावरता सावरता होकाबाईंच्या नाकी नऊ आले. त्या दोराच्या आत शिरल्या. खड्डा आता काँक्रीटने भरला होता. मधोमध उभं राहून त्यांनी आपलं यंत्र लावलं आणि श्वास रोखला.

पाण्याची टाकी, दोनशे साडेसतरा.

टॉवर, तीनशे चार.

कागदावर होतं ते तंतोतंत. होकाबाई चपापल्या. म्हणजे मास्तर इथे खरोखर उभे राहिले होते? याच जागी, हेच आकडे वाचले होते आणि तरी पाइप भरला नव्हता? त्यांनी पुन्हा मोजलं. आकडे बदलेनात. त्यांना मास्तरांचा भयंकर राग आला, आणि असा राग आला याची लाजही वाटली.

त्या तशाच उन्हात उभ्या राहिल्या. मग अचानक स्वतःशीच म्हणाल्या, "अगं बावळट बाई, आकडे बदलले नाहीत म्हणजे काय? बदलायला नकोत का?"

आणि पेटी बंद करायचंही भान न राहता त्या रेकॉर्डरूमकडे पळत सुटल्या.

५

"त्या वर्षाची मास्तरांची सगळी पानं काढा," त्यांनी दम खात सांगितलं. "आणि मोठा नकाशा."

रेकॉर्डबाईंनी पानं टेबलावर पसरली. दर सोमवारचं पान. मास्तर विंडसॉकच्या, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या त्या कापडी मोज्याच्या खांबापाशी उभे राहायचे आणि कामाला लागण्यापूर्वी टाकीची दिशा लिहायचे. अकरा वर्षांपूर्वी ती दोनशे एकोणतीस होती. आज सकाळी वार्षिक मोजणी सुरू करताना होकाबाईंनी त्याच खांबापासून मोजली होती ती दोनशे बत्तीस.

खांब तोच. टाकी तीच. फरक तीन अंशांचा.

होकाबाईंनी पट्टी घेतली. नकाशावर आधी त्या वर्षीची उत्तर धरून कागदावरच्या दोन दिशांच्या रेघा मारल्या. रेघा एकमेकींना भेटल्या त्या खड्ड्यापासून चाळीसेक मीटर लांब, गवतात. तिथे पाइप नव्हता, काहीच नव्हतं. मग त्यांनी आजची उत्तर धरली. या वेळी रेघा खड्ड्याच्या बरोबर मधोमध भेटल्या.

"म्हणजे हो?" रेकॉर्डबाईंनी विचारलं.

"म्हणजे हे आकडे अकरा वर्षांपूर्वी कुणी मोजलेच नाहीत. अपघातानंतर कुणीतरी खड्ड्यात उभं राहून मोजले, जुन्या तारखेखाली टाइप केले आणि कागद जुन्या रजिस्टरात सरकवला. रनवेचा आकडा आठवणीने जुना घातला. सुईचं मात्र लक्षात आलं नाही."

"सुटले हो मास्तर!" रेकॉर्डबाईंनी टाळीच वाजवली.

होकाबाईंना टाळी वाजवता येईना. कागदावर नुसते दोनशे सतरा नव्हते, दोनशे साडेसतरा होते. साहेबांना होकायंत्र उलटं की सुलटं ते कळत नव्हतं. इंजिनिअर असता तर अंशाचे शंभर तुकडे करून मोकळा झाला असता, आणि उत्तर सरकते हे तर त्यानेच त्यांना ऐकवलं होतं. त्यांचं स्वतःचं सोडलं तर अर्ध्या अंशाच्या खुणा या विमानतळावर एकाच होकायंत्रावर होत्या. ते पितळी होतं आणि एका माणसाच्या गळ्यात होतं.

६

मास्तरांचं घर विमानतळाच्या मागच्या रस्त्यावर. होकाबाई पोचल्या तेव्हा अडीच वाजले होते. मास्तर खिडकीशी बसले होते, ताटातलं जेवण तसंच होतं.

"तुम्हाला कागद बघताक्षणी कळलं होतं," होकाबाईंनी दारातूनच सुरुवात केली. "खरं की नाही?"

"बसा तरी."

"नाही बसत!"

मास्तर हसल्यासारखे झाले. "ते साडेसतरा बघितले आणि समजलो. अर्धा अंश लिहायची खोड मीच त्याला लावली."

"मग बोलला का नाहीत? जन्मठेप झाली तरी गप्प बसणार होतात?"

"माझं काय राहिलंय? पिकलं पान मी. पोरीचा संसार आत्ता कुठे मार्गी लागतोय." त्यांनी हात जोडले, आणि ते बघून होकाबाईंना भडभडून आलं. "तुम्हाला शिकवलं त्याची आण घालतो हवं तर, पण तो नकाशा फाडून टाका. त्याने चूक केली, घाबरला, आणि घाबरून ही दुसरी केली. दुष्ट नाही हो तो."

"मास्तर, एक मुलगी गेली आहे. तिचा बाप रोज समितीच्या दाराशी बसतो. त्याला मी खोटं नाव सांगू? तेही तुमचं?"

"सांगा. मी सांगतोय ना."

मागे भांडं आपटल्याचा आवाज झाला. स्वयंपाकघराच्या दारात मास्तरांची मुलगी उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे.

"बाबा, गप्प बसा," ती म्हणाली. असा आवाज बापाने तिचा कधी ऐकला नसेल. मग होकाबाईंकडे वळली. "मावशी, नक्की तोच? कुठे चूक नाही ना तुमची?"

होकाबाईंना त्या क्षणी आपली चूक असावी असं फार वाटलं. पण त्यांनी चारदा तपासलं होतं.

"नाही गं बाळ. चूक नाही."

ती भिंतीला टेकली. मग तिने खुंटीवरची पर्स घेतली.

"चला. चारला सह्या आहेत."

७

समितीच्या खोलीत सगळे होते. साहेब, इंजिनिअर, जावई, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर गेलेल्या मुलीचे वडील. अध्यक्षांनी पेनाचं टोपण काढलंच होतं.

"थांबा," होकाबाई म्हणाल्या. पण नकाशा पुढे केला तो मास्तरांच्या मुलीने. तिने तो टेबलावर पसरला आणि दोन्ही हातांनी दाबून धरला.

होकाबाईंनी एकेक गोष्ट मांडली. कोऱ्या फॉर्मवरच्या सह्या. विंडसॉकचा खांब, तेव्हाचे दोनशे एकोणतीस आणि आजचे दोनशे बत्तीस. गवतात भेटणाऱ्या रेघा आणि खड्ड्यात भेटणाऱ्या रेघा. शेवटी अर्धा अंश.

"पण ०८ लिहिलंय ना त्यावर!" जावई ताडकन उठला. "नवा कागद असता तर..."

"जावईबापू, तो आकडा आदेशाने बदलला नव्हता," होकाबाई म्हणाल्या. आवाज चढवायचा त्यांना धीर झाला नाही. "सुई सरकली म्हणून बदलला. ०८ चा ०९ ज्याने झाला, त्यानेच टाकीचे आकडेही बदलले. तुम्ही स्वतःच्या हाताने रंग लावलात आणि का लावतोय ते विचारलं नाहीत."

जावयाचा हात गळ्यातल्या होकायंत्राकडे गेला.

"मी एकच विचारते," त्याची बायको म्हणाली. "दोन वर्षांत त्या कडेने तू एकदा तरी पायी गेला होतास का?"

"गवत कापणाऱ्याने दोनदा सांगितलं होतं," तो म्हणाला. "ट्रॅक्टरचं चाक दबतंय म्हणून. मी जीपमधून बघितलं. वरून चांगलंच दिसत होतं गं. मी 'पायी तपासले' लिहिलं. सगळ्या सोमवारी तेच लिहिलं. मग ती गेली आणि मला काही सुचेना. वाटलं, बाबा निवृत्त आहेत, म्हातारे आहेत, त्यांना कोण काय करणार..."

"तिथे कुणी पाय ठेवूनच बघितला नाही?" कोपऱ्यातून आवाज आला. गेलेल्या मुलीचे वडील उभे राहिले होते. "एक माणूस नुसता चालला असता तर..."

ते पुन्हा खुर्चीत बसले. जावई टेबलावर डोकं ठेवून हमसून हमसून रडायला लागला. अध्यक्षांनी पेनाला टोपण लावलं आणि फोन मागवला.

पाऊण तासाने पोलिसांची गाडी आली. होकाबाईंनी मुलीच्या खांद्यावर हात ठेवला. "चल घरी. बाबा वाट बघत असतील."

"तुम्ही जा मावशी. मी ह्याच्याबरोबर जाते." तिने डोळे पुसले नव्हते आणि पुसायचा विचारही दिसत नव्हता. "गुन्हा त्याचाच आहे, आणि मीच दाखवला. पण नवरा माझा आहे ना. तिथे त्याच्यापाशी कुणीतरी हवं."

मागच्या रस्त्याने होकाबाई एकट्याच गेल्या. मास्तर फाटकाशी येऊन उभे होते. त्यांनी होकाबाईंच्या तोंडाकडे बघितलं आणि फाटकाची कडी घट्ट धरली.

"सुटलात तुम्ही," होकाबाई म्हणाल्या. "कागद खोटा ठरला. तुमच्या नावाला काही लागलं नाही."

मास्तरांनी मान हलवली. ते विमानतळाकडे जाणाऱ्या रस्त्याकडे बघू लागले.

"पोरगी कधी येईल?"

"उशीर होईल. पण येईल."

"दोघं येतील ना हो?"

होकाबाईंना खोटं बोलावंसं वाटलं, आयुष्यात पहिल्यांदाच इतकं वाटलं. त्यांनी म्हाताऱ्याचा हात हातात घेतला.

"नाही मास्तर. एकटीच येईल."

मास्तर फाटक धरूनच रडले. होकाबाई पहिल्यांदाच आपणहून पायरीवर बसल्या, आणि अंधार पडेपर्यंत त्यांच्याजवळून उठल्या नाहीत.